दारातली वीट

ऊन पडायचं बंद झालं होतं आणि लंगोट वाळत नव्हते.

सकाळी धुकं इतकं खाली उतरायचं, की दारात उभं राहिलं तरी अंगणातला हातपंप दिसायचा नाही. नुसता त्याचा कुईकुई आवाज यायचा, आणि त्यावरून कळायचं की घरमालकीण चंद्रप्रभा म्हशींसाठी पाणी भरते आहे. दुपारी धुकं हातभर वर सरकायचं. मग कुंपणापलीकडची मोहरी पिवळी दिसायची, रस्त्यावरून हवाईदलाच्या तळाकडं जाणाऱ्या स्कूटरी दिसायच्या. वीणाबाई घाईघाईनं दोरीवर लंगोट टाकायच्या. थोड्या वेळानं सगळं पुन्हा पुसलं जायचं. दोरीवरून काढताना लंगोट टाकले तेव्हापेक्षा गार आणि जड लागायचे.

म्हणून खोलीत शेगडी आली. शेगडी म्हणजे चंद्रप्रभाचं माती वाहायचं जुनं घमेलं. त्यात कोळसे पेटवायचे, वर बांबूची टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर लंगोट पसरायचे. वीणाबाईंना ते करताना बघत जुई बाजेवर पडून असायची. बाजेच्या चारी पायांखाली वीणाबाईंनी विटा लावून ती उंच केली होती. दुपारी लंगोट झाले, की तेच घमेलं बाजेखाली सरकायचं. त्यावर ओवा आणि बाळंतशेपा पडायच्या आणि जुईच्या पाठीला, कमरेला शेक लागायचा.

"हाडं मोकळी झाली पायजेत," वीणाबाई म्हणायच्या. "आत्ता हयगय केली, तर चाळिशीत उठता-बसता माझी आठवण काढशील."

वीणाबाई जुईच्या सासूबाई. माढ्याजवळच्या गावात त्यांनी उभा जन्म अंगणवाडी चालवली. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं, आणि माणूस कितीही मोठं झालं तरी त्यांचं विचारणं अंगणवाडीतलंच राहिलं होतं. प्रश्न विचारायचा, उत्तर येईपर्यंत तोंडाकडं बघत थांबायचं. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या एकट्या दोन दिवसांचा प्रवास करून लखनौला आल्या होत्या. बरोबर डिंक, अळीव, बाजरीचं पीठ आणि वेखंड. जुईची आई आता नव्हती. माहेरी वडील आणि भाऊ, दोघेच. तिथं बाळंतपणाला जाण्यात अर्थ नव्हता.

पण जुई इथं राहिली होती ती तेवढ्यासाठी नाही.

तिचे वडील सैन्यात होते. ते सुट्टीवर यायचे तेव्हा घरात गोडाधोडाचं व्हायचं आणि लहानगी जुई पलंगाखाली जाऊन लपायची. बाहेरून आई हाका मारायची, "अगं, बाबा आहेत ते." पलंगाखालून तिला फक्त बूट दिसायचे. ती बाहेर यायला धजावेपर्यंत सुट्टी संपत आलेली असायची. लग्न ठरताना विश्वजित हवाईदलात आहे म्हटल्यावर तिनं त्याला एकच गोष्ट विचारली होती: बायकोला बरोबर नेता येतं का. तो हो म्हणाला होता. तळावरचं क्वार्टर मिळेपर्यंत बाहेर, या शेतकऱ्याच्या घरामागची एक खोली घेऊन ते राहत होते. सातव्या महिन्यात दोघं अमीनाबादला गेले होते. गर्दीत विश्वजित तिच्यापुढं कोपर काढून वाट करत चालला होता, आणि तिथं तिनं पिवळी टोपडी-झबली घेतली होती. येताना रिक्षात ती म्हणाली, "बाळानं तुम्हाला रोज बघितलं पाहिजे. कंटाळा येईपर्यंत."

आणि आता मुलगी झाली होती, आणि रडत होती.

साधं रडणं नव्हतं ते. दुपारनंतर सुरू व्हायचं. आधी डोकं इकडून तिकडं घासायची, मग तोंड लाल, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी. अंगावर घेतलं की दोन घोट ओढून तोंड फिरवायची. वीणाबाईंनी सगळं केलं. हिंग उगाळून बेंबीभोवती लावला, वेखंडाचा वळसा चाटवला, मीठमोहऱ्या उतरून शेगडीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, खोली धुरानं भरली आणि मुलगी आणखी कळवळली.

"शेक घेतला की हिचं सुरू होतं, नाही का आई?" जुई एकदा म्हणाली.

"पोटातला वारा सुटतो शेकानं. बरंच हाय ते," वीणाबाई म्हणाल्या. "तुझं काय दुखतंय?"

"डोकं."

"बाळंतिणीचं दुखतंच."

एक दिवस चंद्रप्रभा सुंठीचे लाडू घेऊन आली. मुलीचं रडणं तिच्या गोठ्यापर्यंत जात होतं. दारात उभी राहून ती म्हणाली, "अम्मा जी, बिटिया भूखी तो नहीं है?"

वीणाबाईंनी जुईकडं बघितलं, आणि पुढं होऊन तिच्या ब्लाउजचं बटण काढलं. चंद्रप्रभाच्या देखत दोन बोटांनी दाबून दूध येतंय का ते पाहिलं. आलं. पातळ, निळसर थेंब बोटावर घेऊन त्यांनी उजेडाकडं धरला.

"हाय, पण कस न्हाई त्यात," त्या स्वतःशी म्हणाल्या. "पाणीच असलं हितलं."

जुईनं पदर ओढून घेतला. चंद्रप्रभानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं नजर वळवली.

पाण्याचं निमित्त वीणाबाईंना सापडलं होतं आणि ते त्यांनी सोडलं नाही. बाराव्या दिवशी विश्वजितला ड्युटी असल्यामुळं बारसं रविवारवर गेलं होतं. सोमवारी पुण्याच्या गाडीचं वीणाबाईंचं परतीचं तिकीट होतं. त्यांनी लेकाला जुईचंही तिकीट काढायला लावलं.

"उन्हाळ्यापर्यंत ठेवते," त्या म्हणाल्या. "लेकरानं अंग धरलं की आणून सोडते."

विश्वजित स्टुलावर बसून बूट काढत होता. सलग ड्युट्यांनी त्याचे डोळे खोल गेले होते. रात्री मुलीच्या रडण्यानं झोप नव्हती.

"उन्हाळ्यात तुम्ही कोर्सला जाणार," जुई म्हणाली. "मग तुमचं पोस्टिंग. मग म्हणाल, नवीन जागा आहे, अजून थोडं थांब."

"तसं कुठं म्हणतोय मी."

"मग काय म्हणताय?"

तो मुलीकडं बघत होता. ती वीणाबाईंच्या मांडीवर ताठ होऊन रडत होती. त्यानं हात पुढं केला, बोटानं तिचा गाल शिवला आणि हात मागं घेतला. बाप झाल्यापासून त्यानं तिला नीट उचललंच नव्हतं. विमानाच्या पोटात शिरून तो कसले कसले नाजूक भाग बसवायचा, पण हिला धरायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

"रविवारपर्यंत बघू," तो शेवटी म्हणाला. "रडणं थांबलं तर राहा. नाही थांबलं, तर जा आईबरोबर. माझं ऐक एवढं."

म्हणजे आता ते मुलीवर होतं. जुईला वाटलं, एवढ्याशा जिवावर हे टाकायला नको होतं. पण तीही मुलीला पोटाशी घेऊन कानाशी कुजबुजायला लागली. रडू नको. चार दिवस रडू नको. मग वाटेल तेवढं रड.

शुक्रवारी थंडी आणखी कडाडली. वर्षाच्या या दिवसांत मोकाट जनावरं शेतात शिरायची. चंद्रप्रभाचा नवरा गजेंद्र गव्हाची राखण करून पहाटे परतायचा, तेव्हा त्याच्या मिशांवर दवाचे थेंब असायचे. त्या दिवशी तो हातपाय शेकायला अंगणातल्या जाळाशी बसला होता. वीणाबाई त्याच्याशी त्यांच्या हिंदीत बोलल्या.

"भैया, खिडकीमें से वारा आता है. बच्ची रोती है."

खिडकीची एक काच फुटलेली होती. विश्वजितनं तिथं पुठ्ठा लावला होता, पण दमट हवेनं तो फुगून सुटला होता. दार जुनं, सालवलेलं, खालून बोटभर फट. छपराच्या पत्र्याखालीही जागा होती.

"अरे अम्मा, पहले काहे नहीं बताया," गजेंद्र म्हणाला.

त्यानं खताच्या रिकाम्या गोणीचं प्लास्टिक कापून खिडकीवर पट्ट्या ठोकून बसवलं. चंद्रप्रभानं पेंढ्याच्या पेंड्या आणल्या, आणि दोघांनी शिडी लावून पत्र्याखालची सगळी जागा पेंढा कोंबून बुजवली. दाराच्या फटीसाठी तिनं जुन्या रजईची वळकटी शिवून दिली. दार लावलं की आतून पायानं सरकवायची. मनापासून केलेलं काम होतं. चंद्रप्रभा हात झटकत आत आली, खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "अब देखिए. हवा का नाम नहीं."

खरंच नव्हतं. कॅलेंडरचं पान, जे सारखं फडफडायचं, ते भिंतीला चिकटून गप्प होतं.

"माझ्या येळंला कसली खोली होती माहितीय का," वीणाबाई दुपारी घमेल्यात कोळसे रचताना सांगत होत्या. "कुडाची. पत्र्याखालनं आभाळ दिसायचं. विशूच्या वक्ताला पाऊस आत यायचा, आणि सासू शेगडीवर छत्री धरून बसायची. हितं बघ, कसं गाभाऱ्यावानी उबदार झालंय. आता निजल ती."

शेगडी बाजेखाली गेली. वीणाबाईंनी दाराला कडी घातली आणि पायानं रजईची वळकटी फटीत दाबली. कोळसे लाल, नितळ होते; धूर असा नव्हताच. ओव्याचा वास पसरला. जुई कुशीवर वळली. मुलगी तिच्याजवळ, दुपट्यात घट्ट गुंडाळलेली.

ती रडायला लागली. नेहमीसारखीच, डोकं घासत. जुईनं तिला छातीशी धरलं, थोपटलं. रडणं वाढलं, मग खरखरलं, मग मध्येच थांबलं. पुन्हा थोडं आलं, कुरकुरीसारखं. मग तेही थांबलं.

दोघी सासू-सुना एकमेकींकडं बघत राहिल्या. श्वाससुद्धा हळू घेत होत्या.

"निजली," वीणाबाई ओठांनीच म्हणाल्या. त्यांनी कपाळाला दोन्ही हात लावले. भिंतीला पाठ टेकून त्या खाली बसल्या आणि पाय लांब केले. "वारंच बाधत होतं बघ तिला. उगं आपण पाण्याला नावं ठेवली."

जुईला हसू आलं. आईंनी स्वतःहून पाण्यावरचा आळ काढला होता. तिचं अंग जड, सैल झालं होतं. डोकं ठणकत होतं, पण तेही लांबून, दुसऱ्या कुणाचं ठणकावं तसं. तिनं डोळे मिटले. रविवारी बारसं. पिवळं झबलं. सोमवारी आई एकट्याच गाडीत बसतील. मग क्वार्टर मिळेल, कुठलं का असेना, रांगायला जागा असलेलं. विश्वजित सायकल लावेल आणि दारातूनच ओरडेल, काय करते आमची बाई. ती रांगत जाईल. बुटांना घाबरणार नाही, बुटांच्या नाड्या सोडेल. त्या नाड्यांपाशी जुईचं मन घोटाळत राहिलं. नाड्या सुटत होत्या, लांबत होत्या, संपत नव्हत्या.

छातीत कळ आली तेव्हा ती भानावर आली. पान्हा फुटला होता. ब्लाउज भिजून गार लागत होता, दूध मुलीच्या गालावर ठिबकत होतं. मुलीची वेळ झाली की असं व्हायचं, आणि मुलगी त्याच सुमाराला चुळबुळायची. झोपेत का होईना, तोंड उघडून शोधायची.

ती शोधत नव्हती.

जुईनं बोंडी तिच्या ओठांवर फिरवली. दूध ओठांतून आत गेलं आणि कोपऱ्यातून बाहेर आलं. ओठ हलले नाहीत. तोंड गुलाबी होतं, छान टवटवीत गुलाबी. तिनं हात उचलला आणि सोडला. हात ओल्या फडक्यासारखा पडला.

"आई," जुई म्हणाली.

वीणाबाई भिंतीशी कलल्या होत्या. तोंड अर्धवट उघडं. मांडीवर ओकारीचा ओघळ.

"आई, उठा. ही बघा."

आवाज तिला स्वतःलाच नीट ऐकू आला नाही. ती उठून बसली आणि खोली फिरली. पाय खाली टेकवले ते आपले नव्हतेच. गुडघे दुमडून ती बाजेवरून खाली आली, मुलीला एका हातात गच्च धरून. कोपर घमेल्याच्या काठाला लागलं, चटका बसला. त्या चटक्यानं तिला थोडं शुद्धीवर ठेवलं. दार कुठं होतं ते माहीत होतं, फक्त ते लांब गेलं होतं. ती एका हातावर आणि गुडघ्यांवर सरकत राहिली. टाक्यांची जागा फाटल्यासारखी दुखली. कडी. कडी वर होती. भिंतीला खांदा लावून ती उभी राहिली, कडी ओढली, निघाली नाही. दमट हवेनं लाकूड फुगून बसलं होतं. मुलीला खांद्यावर टाकून तिनं दोन्ही हातांनी ओढली. कडी सुटली, पण दार आत उघडायचं आणि खाली वळकटी पाचरीसारखी बसलेली. तिनं पायानं वळकटी उपसली. चंद्रप्रभानं ती घट्ट शिवली होती. शेवटी दार हातभर उघडलं आणि जुई त्या फटीतून उंबऱ्यावर पडली. मुलगी तिच्या पोटावर होती.

धुकं थेट तोंडात शिरलं, गार, शेणाच्या आणि ओल्या पेंढ्याच्या वासाचं. पलीकडं कडबा कापायचं यंत्र फिरत होतं.

"भाभी," ती ओरडली. दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा यंत्र थांबलं.

चंद्रप्रभा धावत आली, हाताला कडब्याचा भुगा. तिनं आधी जुईकडं बघितलं, मग मुलीकडं. मग मुलीचं दुपटं सोडलं, तिला पालथं हातावर घेतलं आणि तळव्यांवर चापट्या मारायला लागली. "बिटिया. ए बिटिया." गजेंद्रला हाक मारली. त्यानं वीणाबाईंना काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं. त्यांच्या टाचांनी अंगणात दोन रेघा उमटल्या.

जुई मुलीच्या छातीकडं बघत होती. छाती हलत होती की चंद्रप्रभाचा हात हलत होता, ते कळत नव्हतं. मग मुलीचं तोंड वाकडं झालं. एक बारीक, तुटका श्वास आत गेला. आवाज आला नाही.

गजेंद्रचा बटाटे वाहायचा छोटा टेम्पो होता. मागं गोणपाटांवर वीणाबाईंना आडवं केलं आणि बाकीच्या बसल्या. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून गजेंद्र खिडकीतून मान बाहेर काढून रस्त्याची पांढरी रेघ बघत चालवत होता. सारखा भोंगा वाजवत होता. जुई म्हणत होती, जोरात चला, आणि चंद्रप्रभा तिच्या खांद्यावर हात दाबून म्हणत होती, "मत बोल, बहू. उसे देखने दे." जुईनं झबल्याच्या आत हात घालून मुलीच्या छातीवर तळवा ठेवला. तिथं काहीतरी धडधडत होतं. तेवढं धरून ती बसली.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर पोरगेलीशी होती, स्वेटरवर पांढरा कोट. तिनं मुलीच्या तोंडावर ऑक्सिजनचा छोटा मुखवटा धरला आणि वर न बघताच विचारलं, "कमरे में क्या जल रहा था?"

"कुछ नहीं," चंद्रप्रभा म्हणाली. "बस कोयला. धुआँ तो था ही नहीं."

"कोयले की गैस दिखती नहीं. बास भी नहीं आती. दरवाज़ा बंद था?"

चंद्रप्रभानं तोंडाला पदर लावला. "बंद तो हमने ही किया था. सब बंद कर दिया था."

डॉक्टर पुन्हा मुलीकडं वळली. शेजारच्या खाटेवर वीणाबाईंना मुखवटा लावला होता. त्यांचे डोळे उघडे होते. त्या सगळं ऐकत होत्या.

मुलगी रडली तेव्हा जुई तिचा पाय हातात धरून बसली होती. आधी पाय आखडला. मग मुखवट्याखालून घोगरा, रागावलेला आवाज आला आणि मोठा होत गेला. खोलीत दुसरे रुग्ण होते. काहींनी माना वळवल्या. डॉक्टरनं पहिल्यांदा पाठ टेकली. जुईला रडणं थोपवावंसं वाटलं नाही. ती नुसती ऐकत राहिली, आणि तिला कळलं की एवढे दिवस दुपारी ती हेच ऐकत होती, रोज, शेगडी आत आली की.

रात्रभर त्यांना तिथं ठेवून घेतलं. विश्वजित गणवेशातच आला. दारात उभा राहून त्यानं तिघींकडं एकेक करून बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. सकाळी डॉक्टरनं घरी जा म्हणून सांगितलं, तेव्हा तो खाटेजवळ आला आणि ठरवून आल्यासारखा बोलला.

"तुम्ही सोमवारी जा. तिघीही. मी बारशाचं सगळ्यांना सांगून टाकतो, तिकडंच करा. मला हे झेपणार नाही जुई. मी तळावर, तुम्ही इकडं बंद खोलीत. मला फोन आला तेव्हा मी..." त्यानं हातानं तोंड पुसलं. "बंद खोलीत शेगडी कुणी ठेवली?"

वीणाबाईंची मान खाली होती. लुगड्यावरचा ओकारीचा डाग त्या नखानं खरवडत होत्या. जुईला दिसलं, की आता एक शब्द बोलला तर सोमवारी त्या एकट्या जातील, आणि पुन्हा या घरात पाय ठेवणार नाहीत.

"आम्ही दोघींनी," ती म्हणाली. "लंगोट वाळत नव्हते."

"ते काहीही असू दे. तुम्ही जा."

"मी जाणार नाही."

"जुई."

"मी पलंगाखाली लपायचे. सांगितलंय ना तुम्हाला."

मग वीणाबाईंनी मान वर केली. आवाज मुखवट्यानं कोरडा पडला होता, पण विचारणं तेच, अंगणवाडीतलं.

"विशू, काल ही गप झाली तवा मी काय केलं असंल?"

तो त्यांच्याकडं वळला.

"सांग की."

"काय केलंस?"

"देवाला हात जोडले. निजलं लेकरू, सुटलो. मी लेकरं सांभाळत म्हातारी झाले रे. आन् जुईला कळलं. का कळलं?" त्या उत्तरासाठी थांबल्या. "तिला ठावं हाय ही कवा भुकंजती, कवा चुळबुळती. अंगाला अंग लागून ठावं झालं. मला त्याच खोलीत बसून ठावं झालं न्हाई. तुला तर दाराबाहेरनंबी न्हाई. मंग मी न्हेली तर तुला कवा ठावं व्हायचं?" त्यांनी श्वास घेतला. "माझं तिकीट राहू दे. हिचं परत कर. बारसं हितं करायचं. हात पुढं कर."

"आं?"

"दोन्ही. असा न्हाई, कोपर वाकव. मान दंडावर. बोटं अशी पसर. भिऊ नगंस, माझी चूक तू करायला बसला न्हाईस."

जुईनं मुलगी त्याच्या हातावर ठेवली. त्याचे खांदे कानापर्यंत चढले होते. मुलीनं डोकं घासायला सुरुवात केली आणि भोकाड पसरलं.

"रडतेय," तो म्हणाला.

"मग रडू दे," वीणाबाई म्हणाल्या. "कशानं रडती ते बघ. सांगू नगं, बघ."

घरी आल्यावर गजेंद्रनं न सांगता शिडी लावली आणि पत्र्याखालचा पेंढा एका बाजूनं ओढून काढला. चंद्रप्रभानं रजईची वळकटी उसवून तिचं पोतेरं केलं; कोळशाचं घमेलं अंगणात, जाळाशेजारी उपडं पडलं होतं. लंगोट आता तिच्या चुलीपुढं दोरीवर वाळत होते. "जितने हों, दे जाना," ती म्हणाली होती. नजर मात्र अजून खालीच होती. जुईनं तिच्या हातात पुरणाच्या डाळीचं भांडं दिलं आणि म्हणाली, "भाभी, कल पालना आप ही सजाएँगी. हमें नहीं आता." तेव्हा तिनं वर बघितलं.

वीणाबाईंनी बाजेचे पाय एकेक करून उचलायला लावले आणि खालच्या विटा काढल्या. बाज जमिनीला आली. तीन विटा त्यांनी अंगणात ठेवून दिल्या. चौथी हातात घेऊन काही क्षण उभ्या राहिल्या, आणि मग दाराच्या आणि चौकटीच्या मध्ये ठेवली. दार लागेना. फटीतून धुक्याची गार जीभ आत आली आणि भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं.

"थंडी वाजल," त्या म्हणाल्या. "पांघरूण घ्यायचं. आणिक घ्यायचं. पण ही वीट कुणी हलवायची न्हाई."

संध्याकाळी मुलगी रडायला लागली. जुई उठणार तेवढ्यात विश्वजितनं तिला उचललं, कोपर वाकवून, बोटं पसरून, आणि शालीत घेऊन अंगणात गेला. जुई पडून ऐकत होती. रडणं गोठ्याकडं गेलं, म्हशींपाशी थांबलं, हातपंपाकडून परत आलं. मध्ये त्याचा आवाज येत होता, काहीतरी समजावल्यासारखा, अर्धा मराठी अर्धा हिंदी. दाराच्या फटीतून आधी काही दिसत नव्हतं. मग धुक्यातून त्याचे बूट दिसले, खाली नाड्या सुटलेल्या, आणि ते खोलीवरून पुढं गेले, आणि पुन्हा परत आले.